आधीच आवळलेली वस्तू थरथरते कशी?



आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. ज्ञान कशाला म्हणायचं, एखादी गोष्ट आपल्याला कळली असं कधी म्हणता येतं, हे शिकवण्यात आमची नोकरी गेली. त्यामुळं आज आम्ही दाबविद्युत चकत्यांच्या कंपनांवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली, "सर, विषय नक्की हाच ना?" हाच आहे. आणि तो आमच्याकडं कसा आला, तिथूनच सुरुवात करू.

गेल्या दिवाळीत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा घरी आला. इंजिनियर आहे. प्लॅस्टिकचे तुकडे कंपनांनी जोडणारी यंत्रं बनवतात, अशा एका कारखान्यात कामाला. फराळाची बशी तशीच ठेवून म्हणाला, "सर, कॉम्प्युटर म्हणतो सेकंदाला २०,००० कंपनं. यंत्र म्हणतं १९,६००. दोन यंत्रांतल्या चकत्या तडकल्यासुद्धा. साहेब म्हणतात, आकडा जुळवून टाक आणि अहवाल दे. मी काय करू?"

आम्हाला यंत्रातलं काही कळत नव्हतं. पण प्रश्न ओळखीचा होता. आकडा जुळला म्हणजे गोष्ट कळली का? मग चार दिवस आम्ही दोघं त्याच्या कागदांवर बसलो. तो आम्हाला यंत्र शिकवत होता आणि आम्ही त्याला प्रश्न विचारत होतो. त्यातून जे समजलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

लायटर, साखर आणि चकती

आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात एक दाबविद्युत यंत्र असतं, गॅसचा लायटर. त्यात बॅटरी नसते. आपण खटका दाबतो, आतली स्प्रिंग एका छोट्या हातोडीला सोडते, हातोडी एका खास चिनीमातीसारख्या तुकड्यावर बसते आणि त्या तुकड्यात हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. ठिणगी पडते ती त्याची.

हा गुण १८८० मध्ये फ्रान्समध्ये झाक आणि प्येर क्युरी या दोन भावांनी दाखवला. त्यांनी क्वार्ट्झ तपासलं, टुर्मलीन तपासलं, आणि आपल्या ऊसवाल्या भागानं लक्षात ठेवावं असं म्हणजे, उसाच्या साखरेचे स्फटिकही तपासले. साखरेतही हा गुण आहे. प्रवरानगरच्या कारखान्यातून आपण पोत्यानं जी साखर आणतो, तिच्या दाण्यालाही दाबल्यावर वीज सुटते. फार थोडी, एवढंच.

पुढच्याच वर्षी, १८८१ मध्ये, गाब्रिएल लिपमान यांनी कागदावर गणित मांडून सांगितलं की याचं उलटही व्हायला हवं. दाबलं की वीज, तर वीज दिली की स्फटिकानं आकार बदलला पाहिजे. क्युरी बंधूंनी करून पाहिलं आणि ते खरं निघालं. आम्ही वर्गात हे उदाहरण पूर्वीपासून देत आलो. आधी गणित, मग प्रयोग. पण लक्षात घ्या, प्रयोग करावा लागलाच.

आज या कामाला प्रामुख्यानं शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडपासून भाजून केलेली चकती वापरतात. तिला पीझेडटी म्हणतात. हे दूरदेशीचं काम आहे असं समजू नका. पुण्यात पाषाणला संरक्षण खात्याची एआरडीई ही संशोधन संस्था आहे. तिथं पीझेडटीवर काम करणारं स्वतंत्र केंद्र आहे आणि तिथल्या शास्त्रज्ञांचे निबंध डिफेन्स सायन्स जर्नलमध्ये छापून आलेले आहेत.

आता या चकतीला सेकंदाला वीस हजार वेळा उलटसुलट वीज दिली, की ती वीस हजार वेळा जाड-बारीक होते. हेच आमच्या त्या मुलाच्या यंत्राचं हृदय. दाताच्या डॉक्टरकडं कीटण काढायचं जे बारीक चिरचिरणारं अवजार असतं, त्यातल्या अनेकांमध्येही हीच रचना असते.

बैलगाडीची धाव

या चकतीत एक खोड आहे. ती दाब बराच सोसते, पण ताण फारसा सोसत नाही. विटेसारखीच. विटेवर भिंत उभी करा, काही होत नाही. तीच वीट दोन्हीकडून ओढायचा प्रयत्न करा, लवकर तुटेल. आणि कंपन म्हणजे काय? एकदा आवळणं, एकदा ताणणं. म्हणजे प्रत्येक कंपनाच्या अर्ध्या भागात चकतीला नको असलेलं तेच होणार.

यावरचा उपाय पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या एका कामातून आला. प्येर क्युरींचे शिष्य पॉल लांजव्हँ पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी यंत्र करत होते. त्यांनी क्वार्ट्झ पोलादाच्या दोन जाड पट्ट्यांमध्ये धरलं. पुढं त्याचंच आवळलेलं रूप आलं. मध्ये भोक असलेल्या चकत्या, एका बाजूला पोलादाचा ठोकळा, दुसऱ्या बाजूला अॅल्युमिनियमचा किंवा टायटॅनियमचा, आणि मधून आरपार एक बोल्ट. बोल्ट करकचून आवळला की चकत्या कायम दाबाखाली. याला आपण पूर्वदाब म्हणू.

इथल्या वयस्कर मंडळींना हे समजवायला नको. लाकडी चाकावर लोखंडी धाव कशी चढवायचे? धाव चाकापेक्षा किंचित लहान करायची, आगीत लाल करायची, म्हणजे ती फुलते. चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. धाव आकसते आणि आरे, तुंबा, बाहेरचं लाकूड सगळं एकमेकांत घट्ट दाबलं जातं. मग गाडी खडकावरून जाऊ द्या, सांधे उघडत नाहीत. बोल्ट म्हणजे चकत्यांची धाव.

थोडे आकडे पाहू. समजा चकत्यांवर ३० मेगापास्कलचा पूर्वदाब आहे. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण ३०० किलो. चकती बाहेरून ५० मिलिमीटर आणि मधलं भोक २० मिलिमीटरचं असेल, तर एकूण जोर पाच टनांच्या आसपास येतो. तळहातावर मावणाऱ्या वस्तूत पाच टन!

आता यंत्र चालू केलं. कंपनांमुळं २० मेगापास्कल कमी-जास्त होतात. म्हणजे दाब १० ते ५० च्या दरम्यान फिरतो. चकती कायम दाबातच राहते, ताण येतच नाही. पण बोल्ट ढिला असेल आणि पूर्वदाब फक्त १० असेल तर? तेच २० कमी-जास्त केले की एका टोकाला ३० दाब, दुसऱ्या टोकाला १० ताण. तिथं सांधा उघडतो, पुन्हा आपटतो, चकती तडकते. यंत्र तेच, वीज तीच. फरक फक्त आधीच्या आवळण्याचा.

संगणकाला कोरं पत्र

असं यंत्र बनवायच्या आधी संगणकावर त्याची नक्कल करतात. याला सदृशीकरण किंवा सरळ सिम्युलेशन म्हणतात. वस्तूचे हजारो छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येकाला पदार्थाचे गुण द्यायचे, आणि शेजारच्या तुकड्यांशी प्रत्येकाचा हिशोब मांडायचा. पीझेडटीसाठी दहा आकडे लागतात: लवचिकतेचे पाच, वीज आणि आकार यांना जोडणारे तीन, आणि विद्युतक्षेत्राला मिळणाऱ्या प्रतिसादाचे दोन. शिवाय प्रत्येक चकतीची दिशा सांगावी लागते. शेजारच्या चकत्या एकमेकींकडं तोंड करून बसवलेल्या असतात. दिशा चुकली तर एक चकती फुगताना दुसरी आकसते आणि सगळं उत्तर वाया जातं.

इथं आम्हाला आपल्या गावची गोष्ट आठवली. चांगदेवांची समाधी इथंच, गोदाकाठी. ज्ञानदेवांना पत्र लिहायला चांगदेव बसले, पण मायना काय घालावा कळेना. वयानं धाकटे म्हणावं तर ज्ञानानं मोठे. शेवटी कोरंच पत्र पाठवलं, अशी कथा आहे. आणि त्या कोऱ्या पत्राचं उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी.

ज्ञानदेवांनी कोऱ्या पत्राचं उत्तर दिलं. संगणकाला ते जमत नाही. आपण मात्र त्याला बहुतेक वेळा कोरंच पत्र पाठवतो. आकार सांगतो, पदार्थ सांगतो, पण ही वस्तू आधी काय सोसून बसली आहे ते लिहीत नाही. संगणक बिचारा धरून चालतो की ती नुकतीच जन्माला आली, अंगावर काही भार नाही.

पूर्वदाब असलेल्या वस्तूचा हिशोब दोन टप्प्यांत करावा लागतो. पहिला टप्पा स्थिर. बोल्ट आवळा, आणि कुठं किती दाब आला, कोणते पृष्ठभाग चिकटले, कुठं घसरले ते काढा. या टप्प्यात चकत्यांच्या दोन्ही बाजू विजेच्या तारेनं जोडलेल्या धरायच्या, कारण प्रत्यक्षातही तसंच करतात. दुसरा टप्पा हलता. त्या आवळलेल्या अवस्थेभोवती वस्तू अगदी थोडी थरथरली तर काय होईल, ते काढा. आधी नैसर्गिक वारंवारता, मग वीज दिल्यावर मिळणारा प्रतिसाद.

हा प्रतिसाद किती नाजूक असतो पाहा. नागपंचमीच्या झोक्याला योग्य वेळी हलका धक्का दिला तरी झोका उंच जातो. वेळ चुकली की सगळी ताकद वाया. आपलं यंत्र म्हणजे फार नखरेल झोका. समजा त्याचा अनुनाद २०,००० वर आहे आणि त्याच्या शिखराची रुंदी केवळ ४० कंपनांची आहे. वीज देताना ४०० कंपनांची चूक झाली, तर हालचाल शिखराच्या विसाव्या भागावर येते. ४०० म्हणजे फक्त दोन टक्के. पण त्या दोन टक्क्यांत यंत्र जवळजवळ मुकं होतं. म्हणून त्या मुलाचा प्रश्न बारीक नव्हता.

चूक कुठं होती

आम्ही त्याला म्हटलं, "तू आवळणं हिशोबात घेतलंच नसशील."

तो म्हणाला, "घेतलं सर. आकडा हललाच नाही."

इथं आमची समजूत चुकली होती. आमच्या डोक्यात तबला होता. वादी ओढली, गठ्ठे ठोकले, की स्वर चढतो. पण तबल्याच्या पुडीला स्वतःचा ताठपणा जवळपास नसतो. तिचा स्वर ताणावरच उभा असतो. पोलाद आणि चिनीमाती मुळातच ताठ. त्यांच्यावर नुसता दाब दिल्यानं स्वर फारसा बदलत नाही. मग बदलतं काय?

बदलतात सांधे. चकती आणि पोलाद डोळ्याला गुळगुळीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हीकडं डोंगर-दऱ्या असतात. एकमेकांवर ठेवले तर फक्त शिखरं टेकतात. थोडं आवळलं की आणखी शिखरं टेकतात, सांधा ताठ होतो, वारंवारता चढते. पुरेसं आवळलं की टेकायचं बरंचसं टेकून झालेलं असतं, आणि चढण सपाट होत जाते. त्या मुलानं नकलेत सगळे सांधे एकजीव, जणू डिंकानं चिकटवलेले धरले होते. एकजीव वस्तूला आवळा नाहीतर सोडा, तिला फरक पडणार कसा?

हिशोब सोपा आहे. वारंवारता ताठपणाच्या वर्गमुळाप्रमाणं बदलते. सांध्यांमुळं एकूण ताठपणा चार टक्के कमी झाला, तर वारंवारता दोन टक्के खाली. २०,००० चे १९,६००. त्याचा हरवलेला आकडा इतका साधा असू शकत होता.

"मग सर, ताठपणा चार टक्के कमी करून टाकतो. जुळलं!" तो म्हणाला.

आम्ही म्हटलं, थांब. साहेब हेच सांगत होते ना? कारण सांध्यांचं आहे असं आपण म्हणतो. खरं असेल तर आवळणं बदलल्यावर वारंवारताही एका ठराविक पद्धतीनं बदलली पाहिजे. आधी भराभर, मग हळूहळू. एक आकडा कोणत्याही कारणानं जुळवता येतो. पदार्थाचा गुण बदल, बोल्टची लांबी बदल, जुळेल. पण चार वेगवेगळ्या आवळण्यांवर चार आकडे आधी सांगायचे आणि मग मोजायचे, हे खोट्या कारणाला सहसा जमत नाही.

पाना काय सांगतो

दिवाळीनंतर तो परत गेला आणि करून पाहू लागला. पहिलीच अडचण आली: आवळलं किती, हे कळणार कसं? टॉर्कच्या पान्यावर आकडा असतो. पण पाना पीळ सांगतो, दाब सांगत नाही. पिळाचा मोठा भाग आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणातच जातो. बोल्टला तेल लागलेलं असलं तर त्याच आकड्याला दाब जास्त, कोरडा असला तर कमी.

उपाय चकतीतच होता. दाबलं की वीज सुटते, म्हणजे चकती स्वतःच तराजू. पाच टनांचा जोर आला की अशा एका चकतीतून साधारण १२ मायक्रोकुलोम विद्युतभार निघतो. मोकळी सोडली तर तिच्यावर चार हजार व्होल्टच्या घरात दाब चढेल. हाताला झटका बसेल आणि चकतीचा गुणही बिघडू शकेल. म्हणूनच आवळताना तारा जोडून ठेवतात. पण नुसत्या जोडण्याऐवजी मध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवला, तर चार चकत्यांचा मिळून सुमारे पाच व्होल्टचा आकडा मीटरवर दिसतो. तोच आपला दाब.

असं मोजल्यावर दिसलं की पान्याच्या एकाच आकड्याला जोडलेल्या यंत्रांत पूर्वदाब बराच वेगवेगळा होता. नकलेत मात्र सगळी यंत्रं सारखी.

मग त्यानं सांध्यांना दाबानुसार बदलणारा ताठपणा दिला, आधी भाकीत लिहून ठेवलं आणि चार आवळण्यांवर मोजलं. वारंवारता आधी चढली, मग सपाट होत गेली. भाकीत आणि मोजमाप तंतोतंत एक नव्हतं, पण वळण तेच होतं.

शेवटी आम्ही त्याला एक प्रश्न विचारला, तो तुम्हीही लक्षात ठेवा. दुसऱ्या टप्प्यात संगणक धरून चालतो की थरथर फार लहान आहे आणि पहिल्या टप्प्यात मिटलेले सांधे मिटलेलेच राहतील. मग उत्तर आल्यावर ते उत्तर स्थिर दाबात मिसळून पाहिलंस का? कुठं दाब शून्याखाली जातो का? जात असेल, तर संगणकाच्या उत्तरानं स्वतःचंच गृहीतक मोडलं. त्यानं पाहिलं. कमी आवळलेल्या यंत्राला पूर्ण वीज दिली, तर चकतीच्या कडेला नेमकं तेच होत होतं. संगणक काही बोलला नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आपल्या गावापुरतं

१ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप याच गावातून सुरू झाला. तेव्हा बाहेरचे लोक विचारायचे, एवढ्या मोठ्या उद्रेकाला अचानक काय झालं? अचानक काही नव्हतं. भाव, कर्ज, पाऊस, हे सगळं आधीपासून आवळलेलं होतं. यंत्रातला पूर्वदाब उपयोगाचा असतो आणि माणसावरचा घातक, त्यामुळं उपमा फार ताणू नये. पण आधीचा भार न मोजता प्रतिसादाचा अंदाज करू नये, एवढं दोन्हीकडं खरं आहे.

त्या मुलानं अहवालात आकडा जुळवला नाही. किती फरक आहे, त्यातला कितीचा उलगडा झाला आणि कितीचा नाही, हे सरळ लिहिलं. साहेब आधी रागावले. आता त्यांच्याकडं चकत्या आवळायच्या टेबलावर एक कपॅसिटर आणि एक मीटर कायमचा ठेवलेला असतो.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: मग सर, बोल्ट जितका जास्त आवळू तितकं चांगलं ना?*

नाही. फार दाबलं तर चकतीचा दाबविद्युत गुणच कमी होऊ लागतो. मऊ प्रकारच्या पीझेडटीत तो लवकर जातो, कठीण प्रकारात उशिरा. बोल्टही थकतो. शिवाय आवळल्यानंतर वस्तू काही काळ बसत राहते, गुण हळूहळू सरकतात. म्हणून लगेच मोजून समाधान मानू नये. एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजावं.

*प्रश्न: साखर कारखान्यात टर्बाइनच्या बेअरिंगवर कंपन मोजायचं बटण बसवलेलं असतं. त्याचा याच्याशी संबंध आहे का?*

चांगला प्रश्न. तशा अनेक मापकांत दाबविद्युत स्फटिकच असतो. काहींमध्ये त्याच्यावर एक वजन बोल्टनं आवळलेलं असतं. बेअरिंग हललं की वजन स्फटिकाला कमी-जास्त दाबतं आणि वीज सुटते. तिथंही पूर्वदाब हवाच, नाहीतर उलट दिशेच्या धक्क्याला वजन स्फटिकापासून सुटेल. आणि ते मापक बेअरिंगवर ढिलं बसवलं, तर पुन्हा तीच सांध्याची गोष्ट. मापक स्वतःच्या ढिलेपणाचं कंपन सांगेल आणि आपण टर्बाइनला दोष देऊ. कामगारांनी बसवताना पृष्ठभाग पुसून घ्यावा. गणिताइतकंच ते महत्त्वाचं आहे.

वेळ झाली. पुढच्या गाडीनं जाणारी मंडळी घड्याळ पाहतायत. आम्ही इथंच थांबतो.